मुलांच्या प्लेटलेट घटतात तेव्हा

सर्दी-ताप येऊन जातो, मूल पुन्हा खेळायला लागतं आणि दोन-तीन आठवड्यांनी नडग्यांवर बारीक लाल-जांभळे ठिपके उठतात. बोटाने दाबले तरी ते पुसट होत नाहीत. रक्त तपासावं तर किमान दीड लाख हव्यात त्या प्लेटलेट जेमतेम पंधरा-वीस हजार. या आजाराला डॉक्टर आयटीपी म्हणतात. डेंग्यूच्या साथींमुळे प्लेटलेटच्या आकड्याची धास्ती घरोघरी बसली आहे. त्यामुळे ‘लगेच प्लेटलेट चढवा’ हा आग्रह समजण्यासारखा आहे. पण लहान मुलांच्या आयटीपीत उपचार ठरवायचे ते रक्तस्राव किती होतो आहे हे पाहून. नुसता आकडा त्याला पुरेसा नाही.

विषाणूशी लढताना शरीर जी प्रतिपिंडं बनवतं, त्यातली काही भरकटून आपल्याच प्लेटलेटना चिकटतात आणि अशा प्लेटलेट प्लीहेत नष्ट होतात. एरवी आठ-दहा दिवस जगणाऱ्या पेशी मग काही तासांतच संपतात. दोष रक्तातच फिरत असतो, हे सेंट लुइसच्या विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या जिवावर उदार होऊन दाखवलं. त्याने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या, झटकाही आला. काही दिवसांनी त्या पूर्ववत झाल्या. हे निष्कर्ष १९५१ साली प्रसिद्ध झाले. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेटचीही हीच गत होते, म्हणून त्या जिवावरच्या रक्तस्रावासाठीच राखून ठेवतात. दरम्यान अस्थिमज्जा नव्या प्लेटलेट बनवतच असते, आणि साधारण ८० टक्के मुलं वर्षभरात बरी होतात, पुष्कळदा औषधाविनाच.

मेंदूत रक्तस्राव झाला तर, ही भीती खरी आहे. मात्र तसं एक टक्क्याहूनही कमी मुलांत घडतं. स्टिरॉइडने आकडा लवकर वाढतो, पण त्याने हा धोका टळतो असं सिद्ध झालेलं नाही; चिडचिड आणि पोटाचा त्रास मात्र मुलाला सोसावा लागतो. म्हणूनच अमेरिकन रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली, रक्तस्राव नसेल किंवा किरकोळ असेल तर मुलावर लक्ष ठेवावं, असा सल्ला दिला. दुसरी शंका ल्युकेमियाची, आणि ती रास्तच आहे. त्यासाठी रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासायलाच हवा. इतर पेशीही बिघडलेल्या असतील, हाडं दुखत असतील, गाठी किंवा प्लीहा वाढली असेल, तर अस्थिमज्जेची तपासणी टाळू नये. मोठ्या माणसांत हा आजार अनेकदा चिवटपणे रेंगाळतो. त्यांचा हिशेब वेगळा.

लक्ष ठेवणं हेही कामच आहे. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन बंद, कबड्डी आणि सायकल काही काळ बंद. नाकाचं रक्त थांबेना, तोंडात रक्ताचे फोड आले, लघवी लाल झाली, डोकं फार दुखून उलट्या होऊ लागल्या, तर तडक रुग्णालय गाठायचं. तिथे मग इम्युनोग्लोब्युलिन किंवा स्टिरॉइड द्यायला अजिबात हात आखडू नये.