लिंटलची पट्टी घरभर फिरवा

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना जमिनीतून येणारे आवाज नवे नाहीत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर मात्र ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, दहा-बारा मिनिटांत ३.६ चा दुसरा. १० जुलैला पुन्हा ४.५ चा. हिंगोलीसह नांदेड, परभणीतही लोक घराबाहेर धावले.

किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. आता गावोगाव सिमेंट ब्लॉकच्या भिंती आणि वर पत्रे दिसतात. घर हलके, म्हणजे धोका नाही, हा समज अर्धाच खरा. ब्लॉकची भिंत वरचे वजन पेलते. आडवा हिसका बसला की कोपऱ्यात सुटते आणि आडवी पडते.

अशा भिंतीखाली मांडी काही तास दबून राहिली, तर चेंगरलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन ओझे उचलताच रक्तात उतरते. बोलत असलेल्या माणसाचे हृदय अचानक बंद पडू शकते. वाचला तर मूत्रपिंडे निकामी होण्याची भीती. म्हणून माणूस अडकलेला असतानाच सलाईन सुरू करावे लागते, पुढे कदाचित डायलिसिस. असे वीस रुग्ण एकाच सकाळी आले, तर कोणतेही जिल्हा रुग्णालय अपुरे पडेल.

त्यामानाने बांधतानाचा खर्च किरकोळ. बहुतेक ठिकाणी लिंटल फक्त दारा-खिडकीपुरते टाकतात. ते तिथेच न थांबवता सर्व भिंतींवरून सलग फिरवावे: किमान तीन इंच जाड काँक्रीट, आत ८ ते १० मिलिमीटरच्या दोन सळया आणि रिंगा. कोपऱ्यावर सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. गवंडी इथेच घाई करतात. अशीच पट्टी जोत्यावर आणि पत्र्याखाली, आढ्याच्या त्रिकोणी भिंतीवरही. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून वरच्या पट्टीपर्यंत एक उभी सळई हवी. पोकळ ब्लॉक असतील तर ती भोकातून घेऊन भोक काँक्रीटने भरावे. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवावी. उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घ्यावे लागले तरी भिंतीला सात दिवस पाणी मारावे.

काळ्या मातीत पाया हलूनही भिंतीला तडे जातात, तेव्हा प्रत्येक तडा भूकंपाचा नसतो. तो इंजिनिअरला दाखवावा. उभ्या घरात आजच करता येण्याजोगे एक काम आहे. पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड उतरवून पत्रे हुकबोल्टने आवळावेत.