दादरचा मुदपाकखाना आणि पैनगंगेकाठचे वांगे

उमरखेड हे पैनगंगेच्या अलीकडचे, वऱ्हाडातले तालुक्याचे ठिकाण. पलीकडच्या तीरावर एके काळी निजामाचा अंमल होता, त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांवरच्या जिभांना फारसी शब्द आणि ज्वारीची भाकरी या दोहोंचीही ओळख आहे; फ्रान्सचे नाव मात्र येथल्या चुलीपाशी निघण्यास काही प्रयोजन नाही. तथापि या तालुक्यातला एखादा विद्यार्थी बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या दादर भागातील हॉटेल व्यवस्थापन संस्थेत दाखल झाला, की बर्गंडी आणि प्रोव्हान्स ही नावे त्याच्या कानी पडू लागतात, आणि पांढरा अंगरखा चढवून, कमरेस डस्टर खोचून तो एका निराळ्याच मुलखाच्या मुदपाकखान्यात उभा राहतो.

या संस्थेचा जन्म १९५४ सालचा, आणि त्यामागे लीलावती मुनशी यांचा पुढाकार. ज्या महिला अन्न परिषदेने टंचाईच्या दिवसांत ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे काढून तांदूळ-गव्हावाचून पोट कसे भरावे याचे धडे लोकांस दिले, त्याच परिषदेच्या प्रयत्नांतून लोणी आणि साय यांची शास्त्रोक्त विद्या शिकवणारी ही शाळा निघावी, या योगायोगाची मला आजही मौज वाटते.

तेथली शिस्त कचेरीची आहे. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्कराचा स्वयंपाक पाहिलेल्या ओग्यूस्त एस्कॉफिये (१८४६–१९३५) याने हॉटेलच्या स्वयंपाकघराची पलटणीसारखी रचना केली : सॉसचा हुद्देदार वेगळा, भाज्यांचा वेगळा, थंड पदार्थांचा वेगळा, आणि सर्वांवर हुकूम चालविणारा शेफ. दादरच्या विद्यार्थ्यासही आधी सामानाची यादी, म्हणजे इंडेंट, भरावी लागते. मग कांदा दोन भाग, गाजर एक, सेलेरी एक असा ‘मिर्पुआ’ चिरणे, लोणी व मैदा समभाग घेऊन ‘रू’ परतणे, आणि हे सर्व जर्नलात नोंदवून ठेवणे ओघानेच आले. चुलीवरून निघालेली विद्या दप्तरात बंदिस्त झाली, अशी तक्रार कोणी करील; पण चाळीस जणांना एकाच पातेल्याची चव एकसारखी मिळावयाची, तर दप्तराला पर्याय नाही.

प्रांतिक जेवणाचा पाठ आला, की मात्र ही कचेरी एकाएकी शेतकऱ्याच्या घराशी येऊन थांबते. नीस शहराचे ‘रातातुई’ घ्या. वांगे, टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी, कांदा आणि लसूण, आणि वर ऑलिव्हचे तेल. कसबी हात प्रत्येक भाजी स्वतंत्र परततो, मग सर्वांचा मेळ घालतो, कारण प्रत्येकीची शिजण्याची घटिका निराळी. आमच्या भरतातले वांगे चुलीच्या निखाऱ्यावर सालीसकट भाजून घेतलेले, येथे ते तेलात बदामी होते. पण त्याचे नाव पाहा. संस्कृत ‘वातिंगण’, त्याचे फारसी ‘बादिंगान’, त्याचे अरबी ‘अल्-बादिंजान’, आणि अनेक मुक्काम करीत गेलेल्या त्याच शब्दाचे फ्रेंच ‘ओबेर्जीन’. दादरच्या वर्गात फ्रेंच पदार्थ म्हणून जे उमरखेडच्या पोराच्या पुढ्यात येते, ते त्याच्या शेताच्या बांधावरूनच कधी काळी परदेशी गेलेले आहे. फ्रेंच उच्चार घोकताना हे त्याच्या ध्यानी येईल की नाही, हे शिक्षकावर अवलंबून.

बर्गंडीचा ‘कोक-ओ-व्हँ’ याहून बोलका. ‘कोक’ म्हणजे कोंबडा, आणि तोही वयात येऊन जरठ झालेला. ज्याच्या मांसाचे तंतू एरवी दाताला दाद देत नाहीत, त्यास तांबड्या मद्यात मुरवून, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे तुकडे, लहान कांदे आणि अळिंबी यांच्या सोबतीने मंद आंचेवर दीर्घकाळ शिजवावयाचे, ही त्या शेतकऱ्याची काटकसर. हॉटेलांनी हिला सुंदर ताटल्यांत बसविले, हा पुढला इतिहास. मुंबईच्या बाजारातला कोवळा ब्रॉयलर या कृतीत घातला, तर तो लवकरच हाडापासून सुटू लागतो, आणि ग्रंथातली वेळ निम्म्याहून कमी करावी लागते. ज्याने आठवडी बाजारात टोपलीखाली झाकलेला गावठी कोंबडा निवडून आणला आहे, आणि आजीने तो सकाळी चुलीवर चढवून दुपार टळेस्तोवर पाहुण्यांना गप्पांत गुंतविलेले पाहिले आहे, त्याला जर्नलातल्या त्या वेळेच्या रकान्यात काय लिहावे, याचा खरा पेच पडतो.