‘वेग’ नावाचा रकाना

२००४ सालच्या पावसाळ्यात मी आमच्या महाविद्यालयाच्या खरेदी समितीवर होतो. प्रयोगशाळेसाठी संगणक घ्यायचे होते. दरपत्रके आली होती आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता करण्याचे काम, मी पदार्थविज्ञान शिकवतो म्हणून, माझ्याकडे आले. मी तक्त्यात एक रकाना आखला, त्याला ‘वेग’ असे नाव दिले आणि त्याखाली प्रत्येक प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ लिहून काढले. आकडा मोठा तिथे गुण जास्त. एका तरुण सहकाऱ्याने दबक्या आवाजात विचारले, “सर, हर्ट्झ हे वेगाचे एकक आहे का?” सगळे हसले. मीही हसलो. तक्ता मंजूर झाला.

हर्ट्झ हे वारंवारतेचे एकक आहे, हे मी त्याच महिन्यात वर्गात फळ्यावर लिहिले होते. वारंवारता आणि वेग यांत गल्लत करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण मी कापत असे. निवृत्तीनंतर ही गल्लत मुळापासून समजून घ्यायला बसलो. त्यासाठी त्या काळातले, घरगुती संगणकासाठी मिळणारे दोन सर्वांत महागडे प्रोसेसर निवडले. स्वस्त वस्तू बनवताना कारखानदार तडजोड करतो. सर्वांत महाग वस्तूत त्याचा विश्वास कशावर आहे ते उघडे पडते.

पहिला एएमडीचा ‘ॲथलॉन ६४ एफएक्स-५१’. तो २३ सप्टेंबर २००३ रोजी आला. दुसरा इंटेलचा ‘पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशन’. त्याची घोषणा एएमडीच्या मुहूर्ताच्या आठवडाभर आधी झाली आणि तो बाजारात आला नोव्हेंबरमध्ये. या घाईमुळे काही परीक्षकांनी त्याचे थट्टेने ‘इमर्जन्सी एडिशन’ असे बारसे केले. गंमत अशी, की दोन्ही मूळचे घरगुती नव्हतेच. एएमडीने आपला ऑप्टेरॉन आणि इंटेलने आपला झिऑन, असे दोघांनीही सर्व्हरसाठी घडवलेले प्रोसेसर नवे कपडे चढवून मैदानात उतरवले होते.

आता आकडे. पेंटियम ३.२ गिगाहर्ट्झचा, एफएक्स २.२ गिगाहर्ट्झचा. म्हणजे माझ्या रकान्यात पेंटियमला ४५ टक्के आघाडी. घाऊक खरेदीची किंमत पेंटियमची ९२५ डॉलर, एफएक्सची ७३३. कमाल उष्णतेचा हिशेब जवळपास सारखा: एक ९२ वॉटचा, दुसरा ८९ वॉटचा. एवढ्यावर निकाल लावायचा तर मामला सरळ होता. पण त्या काळच्या चाचण्यांत संगणकीय खेळांमध्ये एफएक्स बहुधा बरोबरीला किंवा पुढे असे, तर व्हिडिओचे रूपांतर करण्यासारख्या एकसुरी कामात पेंटियम बाजी मारी. मग ती ४५ टक्क्यांची आघाडी कुठे जिरत होती?

प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असते आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकते. ३.२ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोके. एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा साडेनऊ सेंटिमीटरही जात नाही. पण वडिलांचे बोट धरून चालणारे मूल वडिलांपेक्षा कितीतरी जास्त पावले टाकते आणि दोघे पोहोचतात एकाच वेळी. किती पावले टाकली याला पावलाच्या लांबीने गुणावे लागते. प्रोसेसरच्या बाबतीत ही लांबी म्हणजे एका ठोक्यात उरकणारे काम. माझ्या तक्त्यात तिला रकानाच नव्हता.

इंटेलने पावले वाढवली कशी, हे दिवाळीच्या स्वयंपाकघरात चटकन कळेल. करंज्या करायला पाच जणी बसल्या आहेत: एक पारी लाटते, दुसरी सारण भरते, तिसरी कडा दाबते, चौथी कातणे फिरवते, पाचवी तळते. प्रत्येकीला दहा सेकंद लागले तर दर दहा सेकंदांनी एक करंजी बाहेर पडते. आता तेच काम वीस जणींत वाटा. प्रत्येकीचा वाटा इतका लहान होतो, की अडीच सेकंदांचा ताल धरता येतो. पेंटियम ४ मध्ये हेच केले होते. त्याच्या कामाच्या रांगेत २० टप्पे होते, ॲथलॉनच्या रांगेत साध्या पूर्णांकी गणितासाठी १२.

पण घरात मधुमेही आजोबा आहेत. पुढची करंजी साखरेची की बिनसाखरेची, हे ऐन वेळी बाहेरून कळते. रांग थांबू नये म्हणून पारी लाटणारी अंदाज बांधून पुढे चालते. अंदाज चुकला, की रांगेतल्या अर्धवट करंज्या बाजूला सारून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रांग जितकी लांब, तितका तोटा मोठा. संगणकाच्या आज्ञावलीत ‘असे असेल तर हे कर, नाहीतर ते कर’ अशी वळणे पावलोपावली येतात. प्रोसेसरचे अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतात, पण चुकतात तेव्हा लांब रांगेला त्याची किंमत मोजावी लागते. खेळांमध्ये अशी वळणे फार. व्हिडिओच्या रूपांतरात तेच ते गणित सरळ रेषेत चालते. चाचण्यांच्या निकालातले मोठे कोडे इथे सुटते.

दुसरे कारण कोठीचे. पीठ-साखर संपली, की कोणीतरी कोठीत जाऊन येईपर्यंत सगळे खोळंबतात. पेंटियमची मागणी आधी मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपकडे जाई आणि तिथून मेमरीकडे. एएमडीने मेमरीवर देखरेख करणारा हा भाग प्रोसेसरच्याच पोटात घातला. एका सेकंदात किती माल वाहता येतो, ही क्षमता दोघांचीही कागदावर ६.४ गिगाबाइट, अगदी सारखी. फरक होता तो हाक मारल्यापासून पहिली वाटी हातात पडेपर्यंतच्या वेळाचा. इंटेलने यावर वेगळा तोडगा काढला: कोठी लांब आहे ना, मग मोठा डबा जवळच ठेवू. एक्स्ट्रीम एडिशनमध्ये २ मेगाबाइटची जादा कॅश होती ती यासाठी. एकाने रस्ता कमी केला, दुसऱ्याने फेऱ्या.

एएमडीची तिसरी गोष्ट त्या वर्षी फारशी कोणाच्या उपयोगाची नव्हती. एफएक्स ६४ बिटांचा होता. ३२ बिटांच्या पत्त्यांनी मेमरीतल्या सुमारे ४२९ कोटी जागाच दाखवता येतात, म्हणजे ४ गिगाबाइट. त्या काळी घरच्या संगणकात एवढी मेमरी क्वचितच असे आणि या प्रोसेसरसाठीची ६४ बिटांची विंडोज यायला एप्रिल २००५ उजाडला. मात्र जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवत नव्या घरात जाण्याची ही वाट इतकी सोयीची ठरली, की २००४ मध्ये इंटेलनेही ती स्वीकारली.

ही दोन घराणी एकमेकांना अगदीच परकी नव्हती. पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांनी इंटेलमध्ये पहिल्या पेंटियमच्या कामाचे नेतृत्व केले आणि पुढे एएमडीच्या के६ प्रोसेसरच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता. आपण ज्यांना हाडवैरी समजतो, त्यांच्याकडून माणसे आणि कल्पना ये-जा करत असतात.

त्यानंतर जे घडले त्याने माझ्या रकान्याचे उरलेसुरले वजनही गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये इंटेलने पेंटियम ४ ची रांग ३१ टप्प्यांपर्यंत लांबवली. तोवर एक नियम साथ देत आला होता: ट्रान्झिस्टर लहान झाला, की त्याला विजेचा दाबही कमी लागतो. आता तो इतका लहान झाला होता, की बंद असतानाही त्यातून वीज झिरपू लागली. दाब कमी होईना आणि उष्णता आवरेना. ३.८ गिगाहर्ट्झवर गाडी अडली. ऑक्टोबर २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा बेत रद्द झाला, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर अर्धवट विनोदाने गुडघे टेकून माफी मागितली. २००६ मध्ये इंटेलने पुन्हा आघाडी घेतली ती ‘कोअर २’च्या बळावर. त्याची रांग १४ टप्प्यांची होती आणि सर्वांत महाग प्रकारही ३ गिगाहर्ट्झच्या आतला.

म्हणून एएमडी जिंकली, असे मात्र म्हणवत नाही. एका रांगेवर दोन कामांचे धागे एकाच वेळी चालवण्याची पेंटियम ४ मधली युक्ती २०१७ मध्ये एएमडीच्या रायझनमध्ये दिसली. मेमरीची देखरेख पोटात घेण्याची एएमडीची रीत इंटेलने २००८ मध्ये उचलली. आज आपल्या टेबलावरच्या अनेक संगणकांत हे दोन्ही प्रतिस्पर्धी नांदत असतात.

हे सगळे मांडून झाल्यावर मी जुना तक्ता नव्याने केला. त्यात ‘वारंवारता’ हा रकाना ठेवला, शेजारी ‘एका ठोक्यातले काम’, ‘मेमरीची वाट पाहण्याचा वेळ’, ‘उष्णता’ आणि सर्वांत आधी ‘आपल्याला करायचे काम कोणते?’ असे रकाने जोडले. मग त्या सहकाऱ्याला फोन केला. म्हटले, “तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला उशीर झाला.” तो आता विभागप्रमुख आहे. जरा थांबून म्हणाला, “सर, सध्या समितीवर मीच आहे. आमच्या तक्त्यात वेगाचा रकाना नाही. तिथे आता ‘कोअर किती?’ असे लिहिलेय.”

मी त्याला नवा तक्ता टपालाने पाठवला आहे.