परसातलं हिरवं तळं

उन्हाळा लागला की हिरवा चारा दिसेनासा होतो आणि पेंडीचं पोतं परवडत नाही. अशा वेळी परसातल्या चार हात जागेत एक उथळ तळं करता येतं. त्यात अझोला वाढवायचा. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारं छोटं हिरवं नेचं. कोंबड्या, शेळ्या, गाई-म्हशी सगळ्यांना ते चालतं. आज ते कसं करायचं ते बघू.

आधी जागा. कडक ऊन नको, पार अंधारही नको. झाडाखाली केलंत तर पाला पडून कुजतो, म्हणून वर शेडनेट किंवा जुनी साडी बांधा. साधारण सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि आठ इंच खोल खड्डा घ्या. खोदायचं नसेल तर चारी बाजूंनी विटा आडव्या रचा. तळ सपाट हवा, नाहीतर पाणी एका कडेला जमतं. खडे, मुळं वेचून त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. कडा विटांनी दाबा.

आता कागदावर दहा-पंधरा किलो चाळलेली माती पसरा. दोन किलो ताजं शेण आणि तीस ग्रॅम सुपर फॉस्फेट दहा लिटर पाण्यात कालवून ओता. मग चार इंच उंचीपर्यंत पाणी भरा. त्यावर किलोभर अझोला सोडा आणि वरून हलकं पाणी शिंपडा. दहा-पंधरा दिवसांत सगळं तळं हिरवंगार होतं.

काही जणी विचारतात, युरिया टाकू का? नको. अझोलाच्या पानात एक सूक्ष्म शेवाळ राहतं. ते हवेतला नत्र घेऊन त्याला देतं. स्फुरद मात्र हवेतून मिळत नाही, ते आपणच द्यायचं. म्हणून दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि वीस ग्रॅम सुपर फॉस्फेट कालवून सोडा. दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी काढून नवं भरा. काढलेलं पाणी भाजीच्या वाफ्याला घाला. महिन्याने पाच किलो माती बदला, आणि सहा महिन्यांनी सगळं काढून नव्याने भरा.

तळं भरलं की रोज साधारण अर्धा किलो अझोला काढायचा. न काढल्यास दाटी होऊन तो सडतो. चाळणीत घेऊन दोन-तीनदा धुवा. शेणाचा वास राहिला तर जनावर तोंड लावत नाही. सुरुवातीला थोड्या भरड्यात मिसळून द्या.

आता हिशोबाचं बोलू. ओल्या अझोल्यात बहुतेक पाणीच असतं. दुभत्या गाईला रोज दीड-दोन किलो लागतो, म्हणजे तीन-चार तळी हवीत. एका तळ्यावर गाईची पेंड बंद कराल तर दूध आटेल. पण तेवढ्यात पंधरा-वीस कोंबड्यांना किंवा एखाद्या शेळीला जोड मिळते. म्हणून पहिलं तळं कोंबड्या-शेळ्यांसाठी करा. आणि त्यासाठी गटातून मोठं कर्ज उचलू नका.

दोन गोष्टी जपा. चार इंच पाणी आपल्याला काहीच वाटत नाही, पण रांगत्या बाळाच्या ते जिवावर बेतू शकतं. चारी बाजूंनी जाळी लावाच. आणि अझोला मेला, पाणी उघडं पडलं, तर त्याच दिवशी उपसा, नाहीतर डास होतील.

पहिला अझोला जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. गटातल्या एकीकडे तो जगला की बाकीच्यांना विकत घ्यायला नको. विरजणासारखंच आहे हे. आज तुम्ही शेजारणीला दिलंत, तर उद्या तुमचं नासलं तरी तिच्याकडे मिळेल.

येत्या बैठकीत दोघी-तिघींची नावं ठरवा आणि एक तळं करून बघा.