कुठं टणक, कुठं मऊ

मोडलेल्या कॅमशाफ्टचं तुटलेलं तोंड जरा उजेडात धरून बघावं. कॅमच्या कडेला चांदीसारखा पांढरा, रवाळ पट्टा दिसतो, आत मात्र साधं करडं बीड. दोन धातू जोडलेले नसतात. एकाच भट्टीतला एकच रस, एकाच साच्यात ओतलेला.

ही किमया सोलापूरकरांना परकी नाही. पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. १९९२ साली सोलापुरात सुरू झालेली ही कंपनी देशोदेशीच्या मोटारींना कॅमशाफ्ट पुरवते. चिल्ड बिडाचे कॅमशाफ्ट ही तिची मूळ ओळख.

वाळूच्या साच्यात जिथं कॅमचं नाक येणार, तिथं लोखंडी चिल बसवतात. रस चिलला टेकताक्षणी झपाट्यानं थिजतो. कार्बनला ग्राफाइट व्हायला सवडच मिळत नाही. तो लोहाशी बांधला जाऊन कार्बाइड होतो, आणि तोच तो पांढरा पट्टा. वाळूत सावकाश निवलेल्या भागात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांत सुटा होतो, म्हणून दांडा लेथवर सहज कापता येतो. कॅमला मात्र टूल लावून उपयोग नाही, तो ग्राइंडिंगच्या दगडावरच सरळ होतो. चिल ओलसर किंवा गंजलेली असली की जॉबला हवेची भोकं पडतात, म्हणून ती स्वच्छ आणि कोरडी ठेवावी लागते.

एवढा खटाटोप कशासाठी? मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या फोर स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट ७५० फेरे घेतो. म्हणजे तासाला ४५,००० वेळा कॅम टॅपेटला रेटतो. नाक झिजलं की व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि इंजिनचा दम जातो.

लहान इंजिनाचा सुटा भाग लेथवर करून घेणाऱ्यानं यातून एक गोष्ट उचलावी. ‘सगळ्यात मजबूत धातू कुठला’ हा प्रश्नच चुकीचा आहे. हा भाग कशावर घासतो, त्याला धक्के बसतात का, आणि दोघांपैकी झिजायचं कुणी, हे आधी ठरवावं. क्रँकशाफ्ट महाग, बुश स्वस्त. म्हणून बुश गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा, म्हणजे झिजायचं ते त्यानं. कौतुकानं टणक पोलादाचा बुश घालणारा शाफ्टच खाऊन टाकतो.

पिस्टन पिनचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथं घाई हमखास नडते. दुकानात हाताशी असतो ईएन ८, साधारण ०.४ टक्के कार्बनचा, कापायला सोपा, शाफ्ट-खिळींना उत्तम. त्याची पिन मापात अचूक बसते, पण तशीच, कडक न करता घातली तर लवकर झिजते आणि खडखड सुरू होते. पिनला लागतं ईएन ३५३सारखं कमी कार्बनचं पोलाद. आधी टर्निंग, मग केस हार्डनिंग, मग ग्राइंडिंग. कातडी काचेसारखी कडक, गाभा मात्र चिवट, धक्का सोसणारा. ग्राइंडिंगसाठी माप थोडं वर ठेवायला विसरलात तर सगळी मेहनत भंगारात.

तुटका नमुना कशाचा आहे हे ओळखायला ग्राइंडर पुरतो. बिडाच्या ठिणग्या आखूड, तांबूस. पोलादाच्या लांब आणि उजळ, कार्बन वाढला की चांदण्या फुटतात. गनमेटलला ना ठिणगी, ना त्याला लोहचुंबक चिकटतं. पुष्कळशा एक्झॉस्ट व्हॉल्व्हनाही चुंबक चिकटत नाही, कारण तापून लाल झाल्यावरही टिकणारं वेगळंच पोलाद त्यांना वापरतात.

आणि काही भाग लेथवर करूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. कनेक्टिंग रॉड बहुधा फोर्जिंगचा असतो, धातूचे तंतू त्याच्या आकाराबरोबर वळलेले असतात. सळईतून कापलेल्या रॉडमध्ये ते जागोजाग तुटतात. पिस्टनचंही तसंच. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळं थंड इंजिनात छान बसलेला पिस्टन तापल्यावर जाम होतो. तिथं चार पैसे जास्त मोजून कंपनीचाच भाग आणावा.