घर्षण हवे कोठे, नको कोठे?

दिवाळी सरली की आमच्या बारामती-इंदापूर भागात रस्त्यांना उसाचा वास येतो. माळेगाव, भवानीनगरच्या कारखान्यांकडे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. लहानपणी मला वाटे, चाक फिरते म्हणजे ते घर्षणाला हरवते. माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या कवीचा हा गैरसमज दूर केला तो मोहल्ल्यातल्या नालबंद चाचांनी. डांबरी सडकेवर खूर घसरू नये म्हणून बैलाला पत्री ठोकताना ते म्हणत, "बेटा, पायाला पकड नसेल तर बैल जोर लावणार कशावर?"

खूर जमिनीला मागे रेटतो, म्हणून जमीन बैलाला पुढे ढकलते. हे काम घर्षणाचे. गाडीच्या चाकाचे उलटे आहे. ओढ आखावर येते, चाकाचा तळ पुढे घसरू पाहतो, जमीन त्याला मागे धरते; या ओढाताणीत चाक फिरू लागते. घर्षणच नसते तर चाक न फिरता गाडी नुसती घसरत गेली असती. ट्रॅक्टरचे मागचे चाक इंजिन फिरवते. तेथे घर्षण खुरासारखेच पुढे ढकलते.

नवल असे, की न घसरता फिरणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. तेथे घासणे नाही, म्हणून ही पकड शक्ती खात नाही. शक्ती खातात ती आखात घासणारे लोखंड आणि चाकाखाली दबणारी माती. पहिल्यावर उपाय वंगण आणि बेअरिंग. दुसऱ्यावर रबरी टायरची डनलॉप गाडी. लोखंडी धावेच्या अरुंद चाकापेक्षा रुंद टायर काळ्या रानात कमी रुततो. थोडक्यात, घर्षण आखात नको, जमिनीवर हवे.

अवकाळी पावसात हा हिशेब बिघडतो. चाक एकदा घसरू लागले की पकड आणखी घटते. चिखलात जोर वाढवावा तर चाक जागीच फिरून स्वतःचा खड्डा खोदते. ओल्या सडकेवर करकचून ब्रेक दाबावा तर चाक थांबते, पण गाडी घसरतच राहते आणि स्टिअरिंगही ऐकत नाही. अशी घसरत आलेली एक ट्रॉली मी पाहिली आहे. पुढे बैलगाडी होती. माणसे वाचली, एक बैल गेला.

त्याच्या खुरांना चाचांचीच पत्री होती, अगदी धड. ट्रॉलीचे टायर मात्र गुळगुळीत झालेले. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात, तेव्हा कुठे रबर सडकेला भिडते. म्हणून शेतकरी बंधूंनो, हंगामाआधी बैलाचे खूर पाहता, तसे टायरही पाहा.