आपल्या गावाच्या नावाचा तह

वर्षानुवर्षं भांडणारी दोन राज्यं एक दिवस बोलायला का बसतात, असं मागच्या बैठकीत एका ताईनं विचारलं. उत्तर आपल्या अंजनगाव सुर्जीतच आहे.

30 डिसेंबर 1803 ला इथं शिंद्यांचे वकील आणि इंग्रज कंपनीचा जनरल वेलस्ली यांच्यात तह झाला. मनं जुळली म्हणून नाही बरं! सप्टेंबरात दौलतराव शिंद्यांच्या हातची दिल्ली गेली, असईला हार झाली. नोव्हेंबरात तिकडे लासवारी, इकडे आपल्या अकोल्याकडचं अडगाव. 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत सोबती नागपूरकर भोसल्यांनी देवगावला वेगळा तह केला. शिंदे एकटे पडले. गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर द्यावं लागलं.

सही झाली, गोडी नाही. ग्वाल्हेर कोणाचं, हा वाद धुमसतच होता. पुढं कंपनीची होळकरांशी लढाई जुंपली, खर्च वाढला, शिंदे होळकरांना मिळतील ही धास्तीही होती. तेव्हा नोव्हेंबर 1805 मध्ये कंपनीनंच नवा तह करून ग्वाल्हेर आणि गोहद परत दिलं, चंबळ नदी हद्द ठरली. मला खरा समेट हाच वाटतो. आपल्या गटातही थकबाकीवरून अबोला धरलेल्या दोघी, एकीनं थोडं सोडल्यावरच बोलतात.

देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा बहुतेक वऱ्हाड मात्र भोसल्यांकडून सुटून निजामाकडे गेला. इथल्या कास्तकाराला कोणी विचारलं नव्हतं.